पाच सूक्ष्मदर्शक आणि एक ठोकळा

शाळेतली मोडलेली वस्तू टाकून देता येत नाही, हे बाहेरच्या माणसाला सांगितलं तर त्याला खरं वाटत नाही. शासनाकडून आलेली प्रत्येक वस्तू डेडस्टॉक रजिस्टरात चढते. मोडली की तिच्यापुढं 'नादुरुस्त' असा शेरा पडतो आणि ती कपाटात जाते. तिथून तिला हलवायचं तर निर्लेखन व्हावं लागतं. म्हणजे समिती येणार, पंचनामा करणार, वरून मंजुरी येणार आणि मग ती नोंद रीतसर खोडली जाणार. समिती काही येत नाही. त्यामुळं वस्तू कपाटातच राहते, आणि शिक्षक निवृत्त होताना सगळी मोडतोड पुढच्या माणसाच्या ताब्यात मोजून देतो. एक नग कमी भरला तरी 'ना देय' दाखला अडतो. तो दाखला नसेल तर पेन्शनची फाईल शाळेच्या फाटकाबाहेर पडत नाही.

हे सगळं मला ठाऊक होतं. नसरापूरजवळच्या एका शाळेत मी पंधरा वर्षं विज्ञान शिकवत होतो आणि माझ्याही कपाटात अशी मढी पडून होती. तरीही वेल्ह्याकडच्या एका बाईंचे तीन सूक्ष्मदर्शक मी वितळवले. त्यांच्या निवृत्तीला तेव्हा सहा महिने उरले होते.

दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली असतील. पर्यावरण हा विषय शाळांत नव्यानं येत होता आणि भोर-वेल्हे या दोन तालुक्यांतल्या माध्यमिक विज्ञान शिक्षकांचं पाच दिवसांचं प्रशिक्षण घ्यायचं ठरलं होतं. वरून आलेल्या पत्रात विषय होता 'कचरा व्यवस्थापन'. आज त्याला चक्रीय अर्थव्यवस्था म्हणतात. तो शब्द तेव्हा आमच्यापर्यंत पोचला नव्हता. मार्गदर्शक म्हणून माझं नाव पुढं आलं, कारण दुसरं कुणी तयार नव्हतं.

भोरला शिक्षण खात्याचे जे विस्तार अधिकारी होते, त्यांनी मला बोलावून घेतलं. पूर्वी ते मराठीचे शिक्षक होते. अक्षर सुरेख, सही त्याहून सुरेख.

"पाच दिवस भरून काढायचेत," ते म्हणाले. "कचराकुंडीचे दोन रंग सांगा, गांडूळखत दाखवा, शेवटच्या दिवशी निबंध घ्या."

"साहेब, घेतो. पण पाचही दिवस मी ठरवीन तसे. भट्टी पेटवायला शाळेचं मागचं मैदान पाहिजे, आणि एक दिवस वडील येतील."

"वडील? ते काय शिकवणार?"

"ते कल्हई करायचे."

साहेबांनी माझ्याकडं नीट पाहिलं. हा माणूस भांडखोर आहे हे त्यांच्या कानावर आलेलं असणारच. मग त्यांनी त्यांच्या बाजूचं मागणं टाकलं. हे सगळं मी लिहून द्यायचं, चित्रांसकट. चांगलं झालं तर जिल्ह्यासाठी पुस्तिका छापता येईल.

"देतो," मी म्हणालो. "वर नाव माझं पाहिजे."

"अहो, मग काय माझं घालणार? छापू की."

हे तोंडी होतं. लिहून घेतलं नाही. बाजारात बसून मोठा झालेला माणूस मी, आणि तिथं चुकलो.

बाजारात बसून म्हणजे अब्बांच्या शेजारी बसून. भोरच्या आठवडे बाजारात आमची भट्टी लागायची, आणि भात लावून झालं की अब्बा वेल्ह्याकडची गावं घ्यायचे. गुंजवणे, पासली, जिथं रस्ता संपेल तिथवर. भाता मी मारायचो. अब्बा डावखुरे, म्हणून आमचा भाता उलट्या बाजूला असायचा. बायका हंडा पुढं ठेवून भाव करायच्या. अब्बा कधीच पहिला आकडा बोलायचे नाहीत. हंडा उलटा करायचे, बुडावर बोटानं वाजवायचे, आणि गप्प बसायचे. तोवर बाईच सांगून टाकायची की हा हंडा तिच्या सासूचा आहे आणि लेकीला द्यायचाय. "आता हिला काय पाहिजे ते कळलं," असं अब्बा नंतर मला सांगायचे. माझी फी, माझी बी.एस्सी., माझी नोकरी, सगळं मी त्या भट्टीवर शिकलेल्या अकलेवर मिळवलं. कुणी हात देऊन वर ओढलेलं नाही. हे मी जरा जास्तच वेळा सांगतो, असं घरचे म्हणतात.

प्रशिक्षण डिसेंबरात झालं. भातझोडणी उरकली होती, त्यामुळं शिक्षक मोकळे होते. भोरच्या एका शाळेचा हॉल मिळाला. पहिल्या दिवशी पस्तीसेक जण बाकांवर बसले, पाय लांब करून, पाच दिवस पेंगायच्या तयारीनं. मी फळ्यावर भाताचं रोप काढलं आणि विचारलं, "यातलं वाया काय जातं?"

"काही नाही," मागून एक जण म्हणाला. "पेंढा गुरांना, तूस चुलीला, शेण राबाला, राख खाचरात."

"आमची आई करते हे. तिला ट्रेनिंग द्यायला कोण आलं नव्हतं," दुसरा म्हणाला, आणि सगळे हसले.

"बरोबर," मी म्हणालो. "मग तुमच्या आईच्या खाचरात जे होतं ते तुमच्या प्रयोगशाळेत का होत नाही?"

हशा थांबला. मी कामाची गोष्ट सांगितली. उद्या प्रत्येकानं आपल्या प्रयोगशाळेतली एक मोडकी वस्तू आणायची.

"सर, आमच्या शाळेतलं मोडकं आणायचं तर टेम्पो लागंल."

"आमच्याकडं एकच मोडकी वस्तू आहे. पण ती हेडमास्तरांच्या खुर्चीत बसते, उठत नाही."

या हशात एक बाई मात्र हसल्या नाहीत. त्या पहिल्या बाकावर वही उघडून बसल्या होत्या. मूळच्या भोर गावातल्या, वडील कचेरीत नोकरीला. पण सगळी नोकरी वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, पासलीच्या वाटेवरच्या एका शाळेत झाली. तिथंच खोली घेऊन एकट्या राहायच्या. केस पांढरे, आवाज बारीक आणि धारदार.

"सर, एकच आणायची की जास्त चालतील?" त्यांनी विचारलं.

"जेवढ्या आणाल तेवढ्या."

दुसऱ्या दिवशी त्या सकाळच्या एसटीनं आल्या. मागून त्यांच्या शाळेचे शिपाईमामा डोक्यावर लाकडी पेटी घेऊन उतरले. पेटीत पाच सूक्ष्मदर्शक होते, जुन्या घडणीचे, पितळी नळीचे. एकाचा स्क्रू फिरत नव्हता, एकाला आरसा नव्हता, तिघांच्या भिंगांवर बुरशीची जाळी धरली होती.

"मी रुजू झाले तेव्हा यातले दोन चालायचे," बाई म्हणाल्या. "नंतर कांद्याच्या पेशी मी फळ्यावरच काढते. आता इतक्या सुंदर काढते की खऱ्या तशा दिसत असतील का, अशी मलाच शंका येते."

त्या दिवशी आम्ही त्या पाचांवरच बसलो. मी एक गोष्ट फळ्यावर लिहून ठेवली होती आणि पाचही दिवस पुसू दिली नाही: वस्तू आधी वापरात ठेवायची, नाही जमलं तर दुरुस्त करायची, तेही नाही जमलं तर तिचे भाग दुसरीला द्यायचे, आणि वितळवायचं सगळ्यात शेवटी. शिक्षकांनी रॉकेलमध्ये स्क्रू भिजवले, जुनं ग्रीस खरवडलं, स्पिरिटनं भिंगं पुसली. कालपर्यंत पेंगणारी माणसं एकमेकांच्या हातातून पेचकस ओढत होती. दुपारी चारला पाचांतून दोन धड सूक्ष्मदर्शक उभे राहिले. बाईंनी कांद्याचा पापुद्रा काढला, त्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकला आणि डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला.

"दिसतंय का बाई?"

"माझ्या चित्रात भिंती जास्त सरळ असतात," त्या म्हणाल्या.

तीन सांगाडे उरले. त्यांचे बिडाचे पाय आम्ही बाईंच्याच शाळेतून आणलेल्या तीन डळमळणाऱ्या स्टँडांना बसवले. पितळी नळ्या उरल्या. चौथ्या दिवशी अब्बा आले. त्यांनी आधी एका परातीला कल्हई करून दाखवली, नवसागराचा धूर, कथलाचा हात, सगळं. गंज टाळायच्या उपायांत पुस्तकात 'कल्हई' हा एक शब्द असतो, आणि तो शिकवणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ती होताना पाहिलीच नव्हती. मग मी म्हणालो, आता शेवटची पायरी पण बघू. मुशीत तिन्ही नळ्या घातल्या. अब्बांनी सगळ्यांना वाऱ्याच्या उलट बाजूला उभं केलं. पितळ वितळताना पांढरा धूर निघाला.

"हे जस्त चाललं," अब्बा म्हणाले. "दर टायमाला थोडं जातंच. म्हणून मी गिऱ्हाइकाला सांगायचो, मोडू नका, कल्हई करा."

वाळूच्या साच्यात ओतून एक ठोकळा झाला. वजन केलं तर नळ्यांपेक्षा कमी भरलं. मोजपात्रात बुडवून घनता काढली, तर पितळाची यायला हवी त्याहून कमी आली.

"असं कसं?" एकानं विचारलं.

"आत हवा अडकलीय," बाई म्हणाल्या. "आपल्या खात्यासारखी."

तोवर एकाच्याही डोक्यात डेडस्टॉक आलं नाही. पस्तीस शिक्षक होते, दर वर्षी त्या रजिस्टरावर सह्या करणारे. मीही त्यात होतो. चालणारी वस्तू दिसली की मोडकी विसरतो आपण.

बाई दोन सूक्ष्मदर्शक, ते स्टँड आणि तो ठोकळा घेऊन गेल्या. मी महिनाभर बसून पुस्तिका लिहिली. अक्षर माझं, चित्रं माझी. साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

मार्चच्या शेवटी शिपाईमामा वडापच्या जीपनं नसरापूरला आले, थेट माझ्या शाळेत. टोपी काढून पायरीवर बसले. पाणी दिलं ते प्यायले आणि म्हणाले, "सर, बाईंची फाईल अडकली. नवं हेडमास्तर आल्यात. लई कायद्याचं. चार्जची यादी करायला बसलं, म्हनलं पाच नग सूक्ष्मदर्शक नादुरुस्त दाखवा. आमी दोन दाखवलं, चालू. ते म्हनलं, नादुरुस्त पायजेत, हे चालू कसं? आन् तीन कुठं गेलं?"

"बाई काय म्हणाल्या?"

"बाईंनी ठोकळा ठिवला म्होरं."

मला हसू आलं. मामांना आलं नाही.

"हसू नका सर. मे मध्ये त्या सुटनार. दाखला न्हाई तर पेन्शन न्हाई. त्या कुनाला सांगनार न्हाईत, तुमाला तर मुळीच न्हाई. म्या न सांगता आलोय. तुमी वितळावलं, आता तुमीच बघा."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी भोरला साहेबांकडं गेलो. आणि जे करू नये तेच केलं. बाकीच्या कारकुनांसमोर त्यांना सुनावलं. तुमच्या परवानगीनं प्रशिक्षण, तुमच्या मैदानात भट्टी, आणि तुमची समिती वीस वर्षं झोपलेली. ते रजिस्टर म्हणजे मढी सांभाळायची वही आहे, असंही म्हणालो. चालणारी वस्तू गुन्हा आणि मोडकी वस्तू नियमात, हे कोणत्या शास्त्रात बसतं ते सांगा, म्हणालो.

साहेब शांत होते. "अर्ज द्या," म्हणाले. मी दिला. त्यांनी तो उचलला आणि गठ्ठ्याच्या अगदी खाली सारला, माझ्या डोळ्यांसमोर.

एप्रिल तसाच गेला. माझ्या रागानं बाईंचा एक महिना खाल्ला. मी हे लपवत नाही. त्या महिन्यात एकदा वेल्ह्याला गेलो तेव्हा त्या एसटी स्टँडवर भेटल्या. मी विषय काढला तर म्हणाल्या, "त्यात काय, होईल." मग म्हणाल्या, "सर, दहावीच्या वर्गाला मी दोन्ही चालवून दाखवले. एकेकानं पाहिलं. रांग लावून. आता जाऊ दे काय जायचंय ते." आणि एसटी आली म्हणून चढल्या. त्यांचं जाणार काय होतं ते त्यांनाही माहीत होतं. भोरमध्ये भावाच्या घरात एक खोली आणि ती पेन्शन, एवढंच त्यांच्या पुढच्या आयुष्याचं सामान होतं.

मे लागला तेव्हा मी पुन्हा साहेबांकडं गेलो. या वेळी सकाळी, कारकून यायच्या आधी. बसलो. काही बोललो नाही. हंडा उलटा केला, म्हणा.

साहेबांनी चहा मागवला. उन्हाबद्दल बोलले. मग ड्रॉवरमधून माझी पुस्तिका काढली. तिची पानं हाताळून हाताळून मऊ झाली होती. त्यांनी ती चारदा तरी वाचली असावी.

"काम चांगलं आहे," ते म्हणाले. "जिल्ह्याला आवडलंय. छपाईला जातंय."

मी गप्प.

"भाषा थोडी साफ केली मी. तुम्ही फार भांडल्यासारखं लिहिता."

मी गप्प.

"वर विचारलं, लेखन कोणाचं. आता असं आहे सर, एका शाळेतल्या शिक्षकाच्या नावानं गेलं तर ते तालुक्याचं राहतं. कार्यालयाच्या नावानं गेलं तर जिल्ह्याचं होतं. माझ्या बढतीचंही यंदा..." ते थांबले.

आता यांना काय पाहिजे ते कळलं.

पुस्तिका त्यांच्या हातातून ओढून बाहेर पडावं असं वाटलं. आमच्या घराण्यात छापील कागदावर कुणाचं नाव आलेलं नव्हतं, लग्नाची पत्रिका सोडली तर. अब्बांना मी सांगून ठेवलं होतं की येतंय. ते दर जुम्म्याला विचारायचे, आलं का?

पण मी चहा पूर्ण प्यालो आणि विचारलं, "निर्लेखन समिती वेल्ह्याकडं कधी जाऊ शकते?"

साहेबांनी कॅलेंडरकडं पाहिलं. "जूनमध्ये बघू."

"बाई एकतीस मेला निवृत्त होतायत. आठ दिवसांत पाठवा."

"आठ दिवसांत कसं होईल? पंधरा दिवस धरा."

"दहा. आणि पंचनामा जागेवर, मंजुरीचं पत्र तुम्ही स्वतः आणून द्यायचं. टपालानं नाही."

"दहा ठीक."

"दोन चालू सूक्ष्मदर्शकांची नोंद 'दुरुस्त' अशी. ठोकळ्याची नवी नोंद, प्रयोग साहित्य म्हणून. तो बाहेर जाता कामा नये."

"ठोकळ्याची नोंद?" साहेब हसले. "बरं, करू."

"आणि बाईंच्या सेवापुस्तकात यातलं एक अक्षर येणार नाही."

हे त्यांना जड गेलं. चूक झाली आहे तर शेरा पडायला हवा, असं त्यांना मनापासून वाटत होतं. मी थांबलो. ते पुस्तिकेच्या पहिल्या पानावर बोट फिरवत राहिले.

"मान्य," ते म्हणाले. "आणि हे?"

"तुमचं नाव घाला."

"साहाय्य म्हणून खाली तुमचं..."

"नको," मी म्हणालो. राग होता तो. खाली बारीक अक्षरात नको. घालायचं तर वर, नाहीतर नाहीच. माणूस रागाच्या भरात स्वतःच्याच मालाची किंमत पाडतो, ते असं.

दहाव्या दिवशी समिती आली. साहेब, एक कारकून आणि दुसऱ्या शाळेचे एक मुख्याध्यापक. मीही गेलो, बोलावलं नसताना. प्रयोगशाळेच्या टेबलावर बाईंनी पांढरं कापड टाकून दोन सूक्ष्मदर्शक, मधे ठोकळा आणि बिडाच्या पायांचे तीन स्टँड मांडून ठेवले होते. बाजूला शिपाईमामा, जणू काही मुलगी दाखवायचा कार्यक्रम.

कारकुनानं ठोकळा हातात घेतला. "यात तीन नग आहेत?"

"वजनानं थोडं कमी," बाई म्हणाल्या. त्या खोटं बोलायच्या नाहीत, हीच त्यांची अडचण होती. "जस्त धूर होऊन गेलं."

"धुराची नोंद कुठल्या रकान्यात करू?" कारकुनानं साहेबांना विचारलं. तो थट्टा करत नव्हता.

"घट," साहेब म्हणाले. "घट लिहा."

बाईंनी कांदा सोलूनच ठेवला होता. त्यांनी स्लाइड लावली आणि साहेबांना म्हणाल्या, "बघता का?" मराठीचा शिक्षक. आयुष्यात पहिल्यांदाच डोळा लावत असावेत. आधी त्यांना आपल्याच पापण्या दिसल्या. मग बाईंनी स्क्रू फिरवला आणि ते खूप वेळ वाकून राहिले. उठले तेव्हा म्हणाले, "हे असं असतं होय." एवढंच. त्यांच्यावरचा माझा राग तेवढ्या वेळापुरता कुठं गेला, मला कळलं नाही. नंतर परत आला.

पंचनामा त्यांनी स्वतः सांगितला, सुरेख मराठीत: 'तीन नग नादुरुस्त सूक्ष्मदर्शकांच्या पितळी भागांचे रूपांतर एक नग ठोकळ्यात झाल्याचे व बिडाचे पाय स्टँडच्या वापरात असल्याचे समक्ष पाहिले.' बाईंच्या शाळेच्या नव्या मुख्याध्यापकांनी तो दोनदा वाचला. खोट सापडली नाही. त्यांनी सही केली.

मंजुरीचं पत्र साहेबांनी खरंच हातानं आणून दिलं. दिलेला शब्द त्या माणसानं काटेकोर पाळला, हे सांगायला हवं. बाई ठरल्या दिवशी मोकळ्या झाल्या. निरोपसमारंभात त्यांना शाल मिळाली आणि भाषणात त्यांनी कांद्याबद्दल बोलून सगळ्यांना हसवलं. पावसाळा संपेपर्यंत पेन्शन सुरू झाली.

पुस्तिका दिवाळीनंतर आली. गुळगुळीत मुखपृष्ठ, आत साहेबांचं नाव, साहेबांचं मनोगत. मजकुरातलं भांडण काढून टाकलं होतं, पण चित्रं माझीच होती. भट्टीच्या चित्रात भाता उलट्या बाजूला होता, अब्बांच्या डाव्या हाताला सोयीचा. कुणी तो सुधारला नव्हता. अब्बांना मी पुस्तिका दिली. त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी चित्रांचं पान उघडलं, भात्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "आपला आहे." पहिलं पान त्यांनी मला वाचायला सांगितलं नाही. मीही वाचलं नाही.

बाई मात्र वाचणाऱ्या. भोरच्या बाजारात एकदा भाजीच्या ओळीत गाठ पडली. पिशवीत पुस्तिका होती. कुठून तरी मिळवली असावी.

"हे काय आहे?" त्यांनी मला पहिलं पान दाखवलं. आवाज तोच, बारीक आणि धारदार. लोक वळून बघायला लागले. "पस्तीस माणसं साक्षीला आहेत की हे तुमचं आहे. आणि तुम्ही गप्प बसलात? तुम्ही? कोथिंबिरीच्या जुडीवरून वाद घालणारा माणूस!"

"राहिलं," मी म्हणालो.

"राहिलं कसं? लिहून घ्यायचं नाही का? इतरांना बाजार शिकवता आणि स्वतः असे फसता?"

मी त्यांच्याकडं पाहिलं. साडी नवी होती. चष्मा नवा होता. मी सांगितलं असतं तर त्यांनी तो ठोकळा, ती पेन्शन, सगळं माझ्या ओंजळीत परत टाकायचा प्रयत्न केला असता, आणि भोरच्या बाजारात आमचं मोठं भांडण झालं असतं.

"चुकलं माझं," मी म्हणालो.

"चुकलंच," त्या म्हणाल्या, आणि मला कोथिंबिरीचा भाव करून दिला.

त्या वारल्या तोपर्यंत त्यांना असंच वाटत होतं की मी फसलो. भोर-वेल्ह्यातल्या बऱ्याच शिक्षकांना अजून तसंच वाटतं. अधूनमधून कुणी हळहळतं, तेव्हा माझं डोकं फिरतं. मी फसलो नव्हतो. मी विकलं होतं.

मात्र किंमत कमी घेतली, ते सलतं. साहेबांना त्या दिवशी ती पुस्तिका किती हवी होती ते मला दिसत होतं. दोन्ही तालुक्यांत दर वर्षी एकदा निर्लेखन समिती फिरेल, असं मी त्यांच्याकडून लेखी मागू शकलो असतो. त्यांनी दिलं असतं. मी एका बाईंपुरतं मागून उठलो. गेल्या वर्षी पासलीच्या बाजूला एका शाळेत जायचा योग आला. मुख्याध्यापकांनी कौतुकानं प्रयोगशाळा दाखवली. कपाटाच्या वरच्या फळीवर सात सूक्ष्मदर्शक होते, प्रत्येकाच्या गळ्यात सुतळीनं बांधलेली चिठ्ठी, 'नादुरुस्त'. मी पेचकस मागितला. मुख्याध्यापक म्हणाले, "हात लावू नका सर, रजिस्टरला आहेत."